कॉम्प्युटर अडकतोय? फॉरमॅट मारण्याआधी आवाजाचा ड्रायव्हर तपासा

कॉम्प्युटर स्लो झाला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात: "फॉरमॅट मार" नाहीतर "रॅम वाढव". आमच्या वर्ध्यातही मला हेच ऐकायला मिळालं. पण दोष निघाला आवाजाच्या ड्रायव्हरमध्ये, आणि दुरुस्तीला एक रुपयाही लागला नाही.

नेमकं काय झालं?

माझी मावसबहीण देवळीची. जीसीसी-टीबीसी, म्हणजे टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करत होती. मराठी, मिनिटाला ३० शब्द. क्लासमध्ये स्पीड बरोबर यायचा. घरच्या लॅपटॉपवर मात्र अक्षरं अडकायची आणि मग चार-पाच एकदम उमटायची. परीक्षा जवळ आलेली. एक दिवस फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "दादा, माह्या बोटाइलेच काही झालं वाटते."

दुकानात दाखवलं, तर "रॅम टाका, नाहीतर नवीनच घ्या" असं उत्तर मिळालं. मावशी पैशाची जुळवाजुळव करायला लागली. मी म्हटलं, थांबा, आधी मी बघतो.

तिच्या शेजारी बसून पाहिलं. टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर चुकलं की "टिंग" वाजायचं, आणि टिंग झालं की लगेच लॅपटॉप अडकायचा. अडकला की पुढची अक्षरं चुकायची, की परत टिंग! हेडफोन लावून गाणं सुरू केलं तरी तोच प्रकार. बोटं ठणठणीत होती.

आवाजाचा आणि लॅगचा संबंध काय?

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि हार्डवेअर यांच्यामधला दुभाषा. फोनमध्ये तो आपल्याला वेगळा दिसत नाही, सिस्टीम अपडेटसोबतच येतो. कॉम्प्युटरमध्ये मात्र प्रत्येक भागाचा ड्रायव्हर वेगळा असतो आणि वेगळा बिघडू शकतो.

आवाजाला उशीर चालत नाही. सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा आवाज असेल, तर दर १० मिलिसेकंदांना ४८० नमुने तयार लागतात. म्हणून ड्रायव्हरचं तातडीचं काम आपल्या साध्या प्रोग्रामच्या आधी होतं. या कामाला डीपीसी म्हणतात. ते १०० मायक्रोसेकंदांत उरकावं, अशी मायक्रोसॉफ्टची सूचना आहे.

समजा, बजाज चौकात रुग्णवाहिका आली. सगळे थांबतात, ती निघून जाते, वाहतूक परत सुरू. पण तीच चौकात बंद पडली तर? बिघडलेला ड्रायव्हर तसंच करतो. त्याचं काम लांबलं की की-बोर्ड, माउस, व्हिडिओ सगळे मागे खोळंबतात.

कसं ओळखायचं?

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यात "सिस्टीम इंटरप्ट्स" ही ओळ शोधा. एरवी हा आकडा अगदी कमी असतो. आमच्याकडे रॅम अर्धी रिकामी होती, पण प्रत्येक टिंगला हा आकडा उसळत होता.

२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स" उघडा. ऑडिओ डिव्हाइसवर राइट क्लिक करून "डिसेबल" करा. आवाज बंद होईल, घाबरू नका. लॅग गेला तर चोर सापडला. नंतर परत "एनेबल" करा.

३. खात्री हवी असेल तर लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर चालवा; घरच्या वापरासाठी ते मोफत आहे. कोणता ड्रायव्हर जास्त वेळ घेतो हे ते दाखवतं. कधी वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हरही दोषी निघतो, तेव्हा सरळ आवाजावर आळ घेऊ नका.

दुरुस्ती, सोप्यापासून अवघडाकडे

आधी रिस्टोर पॉइंट बनवा आणि प्रत्येक स्क्रीनचा फोनवर फोटो काढून ठेवा.

• साउंड सेटिंगमध्ये "ऑडिओ एन्हान्समेंट्स" बंद करा. कधी कधी एवढ्यानेच काम होतं.

• लॅग अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओच्या प्रॉपर्टीज उघडून "रोल बॅक ड्रायव्हर" दाबा.

• ते बटण फिकं दिसत असेल, तर "अपडेट ड्रायव्हर" मध्ये जाऊन कॉम्प्युटरमधल्याच यादीतून ड्रायव्हर निवडण्याचा पर्याय घ्या. तिथे "हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस" निवडून रीस्टार्ट करा. हा विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर आहे. बासचे वगैरे जास्तीचे पर्याय जातील, पण आवाज येईल.

• आवाज नीट आला नाही, तर लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवरून कंपनीच्या वेबसाइटवरचा ड्रायव्हर टाका. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा. त्यातून नको ते प्रोग्राम आत येतात.

आमच्याकडे रोल बॅकचं बटण फिकंच होतं. विंडोजचा साधा ड्रायव्हर टाकला आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला. बहिणीने मुद्दाम एक अक्षर चुकवलं. टिंग वाजलं, पण पुढची अक्षरं अडकली नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यापासून उतारा सुरू केला.

रॅमचे पैसे वाचले ते वाचलेच. पण ती पोरगी महिनाभर स्वतःलाच दोष देत होती, ते थांबलं. तेव्हा मित्रांनो, कॉम्प्युटर अडकला की आधी एवढंच बघा: नेमका कधी अडकतो? अर्धं उत्तर तिथेच मिळतं.