वाळवंटाच्या वाटेवर : एका सहलीचे गणित

परभणीच्या मुलाला उन्हाचे कौतुक कोणी सांगू नये. वैशाखात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जाऊन बसतो, आणि दुपारी डांबर पायाला चिकटते. पण ऊन असणे वेगळे आणि वाळवंट असणे वेगळे. परभणीत वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर राजस्थानातील जैसलमेरला २०० मिलिमीटरही पडत नाही. वाळवंट ठरते ते या पाण्याच्या हिशेबावर. म्हणूनच तिकडे मोटारीने जायचे असेल, तर सहलीची आखणी म्हणजे बव्हंशी पाण्याची आणि उष्णतेची आखणी असते. आणि उष्णता म्हटले की तो आमच्या विषयाचा प्रांत झाला!

प्रथम वाट पाहू. भारताचा नकाशा समोर घ्या. परभणी, जिंतूर, जालना, छत्रपती संभाजीनगर, धुळे, सुरत, अहमदाबाद असा पहिला टप्पा. अहमदाबादहून विरमगाम, पाटडी, दसाडा या बाजूने गेले की कच्छचे छोटे रण लागते. येथे सुमारे ५ हजार चौ. कि. मी. क्षेत्रात रानगाढवांचे अभयारण्य आहे. पुढे राधनपूर, थराद, सांचोर, बाडमेर आणि अखेरीस जैसलमेर. एकूण अंतर एका बाजूने चौदा-पंधराशे किलोमीटर. जीपने हे चार दिवसांत निवांत होते. दिवसाला चारशेपेक्षा जास्त किलोमीटर धरू नयेत असे माझे मत आहे, कारण दमलेल्या ड्रायव्हरचा प्रतिक्रिया-काल वाढतो आणि तो कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

जायचे केव्हा? उन्हाळा तर बादच. जैसलमेरच्या शेजारच्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. पावसाळ्यात रण पाण्याखाली असते. दिवाळीतही त्याचा चिखल पुरता वाळलेला असेलच असे नाही. तेव्हा डिसेंबरची अखेर उत्तम. मात्र घड्याळाकडे लक्ष ठेवा. सगळ्या देशाचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेले, परभणी ७६.८ अंशांवर, तर जैसलमेर ७०.९ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने जैसलमेरचा मध्यान्ह १२ वाजून ४६ मिनिटांच्या आसपास होतो. डिसेंबरात परभणीला सातच्या आत सूर्य उगवतो. तिथे साडेसात वाजतात. पहाटे सहाला निघण्याचा बेत कागदावर शोभतो, पण तिथे त्या वेळी मिट्ट काळोख असतो.

आता पाणी. आपल्या शरीराची उष्णता घाम वाळताना बाहेर पडते. एक ग्रॅम घाम वाळायला सुमारे ५८० कॅलरी लागतात, म्हणजे एक लिटरला ५ लाख ८० हजार. एवढी उष्णता ६० किलो वजनाच्या माणसाच्या अंगातच साठून राहिली, तर त्याचे तापमान ११ अंशांहून जास्त चढेल! कडक उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. वाळवंटातला धोका असा, की हवा कोरडी असल्यामुळे घाम दिसतच नाही. सुरतेला सदरा भिजतो म्हणून आपण पाणी मागतो. जैसलमेरला सदरा कोरडा, माणूस मात्र आतून आटत असतो. तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला थोडे पाणी प्यावे, सोबत मीठ-साखर असावी. हिवाळ्यातसुद्धा माणशी रोज ५ लिटर धरा. सहा जणांना दोन दिवस पुरेल इतका राखीव साठा म्हणजे ६० लिटर, अर्थात ६० किलो. गाडीत आणखी एक माणूस बसला असे समजूनच जागा ठरवा.

पाणी थंड ठेवायला बर्फाची गरज नाही. पूर्वी ट्रकला आणि जीपला पुढे कॅनव्हासची छागल टांगलेली असे. जुन्या ड्रायव्हरांना विचारा, ते आवडीने सांगतील. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १८ अंशांवर आणायला १२ हजार कॅलरी काढून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी जेमतेम २१ ग्रॅम पाणी वाळले की झाले. अर्थात बाहेरची हवाही छागलीला उष्णता देत असते, म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त पाणी खर्ची पडते. याच छागलीचा गुण किनाऱ्याच्या दमट हवेत कमी येतो, आणि वाळवंटात भरभरून येतो. दोन तापमापक घेऊन एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि सुरत, अहमदाबाद, बाडमेर येथे दोन्हींतील फरक वहीत टिपा. ही एकच नोंद सहलीचा खर्च वसूल करील.

गाडीचेही असेच. इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौ. सें. मी. ला सुमारे १ किलोने जास्त राखते. त्यामुळे आतले पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. हे तत्त्व प्रेशर कुकरचेच. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले की दाब एकदम उतरतो आणि ११० अंशांचे पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर उडते. गाडी थांबवा, अर्धा तास सावलीत बसा, मग फडके धरून झाकण सोडवा. यात घाई करणाऱ्याला डॉक्टर गाठावा लागतो, आणि वाळवंटात डॉक्टर शंभर किलोमीटरवर असू शकतो.

चाकातली हवा सकाळी, गाडी थंड असतानाच मोजावी. २७ अंशांवर ३० पौंड भरलेली हवा ६७ अंशांवर ३६ पौंडांच्या घरात जाते. बाहेरच्या हवेचे १५ पौंड मिळवून आणि केल्विनमध्ये तापमान घेऊन हे उदाहरण स्वतः सोडवून पाहा. वाळूत चाक रुतले तर उलट हवा कमी करावी. समजा भरलेली जीप १६०० किलोची आहे आणि चाकांतला दाब दर चौ. सें. मी. ला २ किलो आहे. मग चारही चाके मिळून ८०० चौ. सें. मी. जमिनीवर टेकतात, म्हणजे एकेक चाक हाताच्या पंजापेक्षा थोड्याच मोठ्या जागेवर! दाब निम्मा केला की जागा दुप्पट होते आणि वाळूवरचा भार हलका होतो. डांबरी रस्त्याला लागताच पुन्हा हवा भरायची हे विसरू नका.

छोट्या रणात थांबाल तेव्हा मृगजळ अवश्य मोजा. ते आपल्या जिंतूर रस्त्यावरही दिसते, पण रणासारखी सपाटी कुठली? जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर दोन्हींच्या अपवर्तनांकांत फरक पडतो तो दशांश चिन्हानंतर पाचव्या स्थानी. एवढ्याशा फरकाने फक्त अगदी तिरपे, एक तृतीयांश अंशाने येणारे किरणच वर वळू शकतात. म्हणून सव्वा मीटर उंचीवर डोळे असतील, तर ‘पाणी’ सुमारे २०० मीटरवर सुरू होते. आपण पुढे सरकलो की तेही सरकते. गुडघ्यावर बसा, ते जवळ येईल. दुपारी आणि सकाळी हे अंतर पावलांनी मोजून पाहा, म्हणजे जमीन किती तापली याचा अंदाज तुम्हालाच बांधता येईल.

जैसलमेरला ‘डेझर्ट नॅशनल पार्क’ आहे. नाव राष्ट्रीय उद्यानाचे असले तरी १९८० मध्ये घोषित झालेले हे कायद्याने अभयारण्य आहे, क्षेत्र ३१६२ चौ. कि. मी. येथे जाण्यासाठी वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते. वाळूच्या टेकड्यांनी यातला केवळ पाचवा हिस्सा व्यापला आहे; बाकी खडकाळ माळ आणि गवत. या गवतात माळढोक राहतो. हा पक्षी आपल्याला परका नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले, पण आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. देशात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरले असावेत, आणि त्यांतले बहुतेक याच जैसलमेरच्या माळावर.

त्याच्या मरणात भौतिकशास्त्राचा हात आहे. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी उडताना चटकन वळू शकत नाही. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची बारीक तार त्याला वेळेवर दिसत नाही. थरच्या भरपूर उन्हावर सौर वीज तयार होते, ती शहरांकडे नेण्यासाठी तारा लागतात, आणि तारांवर माळढोक आदळतो. मादी एका वेळी साधारणपणे एकच अंडे घालते, ही तूट भरून निघणे कठीण. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. तारा पुरणे सोपे का नाही? पुरलेली केबल म्हणजे एक लांबलचक धारित्र. प्रत्यावर्ती विजेच्या प्रत्येक आवर्तनात ती भरते आणि रिकामी होते, आणि अंतर वाढेल तशी केबलची बरीच क्षमता यातच खर्ची पडते. शिवाय खर्च मोठा. उघड्या तारांवर चमकत्या चकत्या टांगणे हा दुसरा उपाय आहे. २०१९ पासून सम येथे माळढोकाची अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिले वाढवली जात आहेत. सौर वीज हवी की माळढोक, असा प्रश्न वर्गात कोणी विचारला तर पटकन हात वर करू नका. मला स्वतःला दोन्ही हवेत, आणि तारा कोणत्या वाटेने न्यायच्या यातच खरी कसोटी आहे असे वाटते.

बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर आकल येथे दगड झालेले वृक्ष आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे. या ओसाड माळावर एके काळी घनदाट अरण्य होते! तिथे तासभर तरी द्या.

रात्री स्वेटर लागेल. हवेत बाष्प आणि ढग कमी, त्यामुळे जमिनीने सोडलेली उष्णता बरीचशी थेट आकाशात निघून जाते. या स्वच्छ आकाशाचा एक उपयोग करून घ्या. कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून परभणीत निघण्यापूर्वी ध्रुवताऱ्याची उंची मोजा, ती १९ अंशांच्या आसपास येईल. जैसलमेरला पुन्हा मोजा, ती २७ च्या जवळ येईल. दोन्ही गावांचे दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून काढा. ते सुमारे ८४५ किलोमीटर भरते. रस्त्याचे अंतर मात्र घेऊ नका, तो वाकडातिकडा जातो. साडेसात अंशांच्या आसपासच्या फरकाला एवढे अंतर, तर ३६० अंशांना किती? इराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये ज्या कोनावरून पृथ्वीचा परीघ काढला, तो ७.२ अंशांचा होता. सहा जणांनी वेगवेगळे मोजून सरासरी घ्या, आणि उत्तर ४० हजार किलोमीटरच्या किती जवळ आले ते पाहा.