थंडीपेक्षा घामाची धास्ती

आल्प्समध्ये पहाटे चढाईला निघालेला जाणता गिर्यारोहक पहिली दहा-पंधरा मिनिटं कुडकुडत चालतो, तेही मुद्दाम. जाड जॅकेट चढवून निघालं की चढावर अंग घामेजतं आणि पुढे कड्यावर थांबल्यावर तोच घाम जिवावर उठतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. म्हणून सुती कपड्याला तिथे थारा नाही. सह्याद्रीच्या उन्हात गारवा देणारा ओला टीशर्ट बर्फात घात करतो.

अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीस, वरून वारा-पाऊस अडवणारं शेल. दुकानदार सांगतो ते एवढंच, पण खरी मेख वापरात आहे. घाम बाहेर सोडणारं कापड म्हणून शेलची कितीही जाहिरात होवो, चढ खडा असला की घाम त्या कापडाला आवरत नाही. काखेतल्या चेन उघडाव्या लागतात. हवा बरी असेल तर शेल सॅकमध्येच बरं.

पण हवेचा भरवसा नाही. आल्प्समधलं शामोनी गाव १,०३५ मीटरवर, तिथून केबल कारने गाठायचं एग्वी द्यू मिदी शिखर ३,८४२ मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. वाऱ्याचा हिशोब वेगळाच. जुलैतल्या स्वच्छ सकाळनंतर दुपारी गडगडाट होणं तिथे नेहमीचंच.

सगळ्यात गारठतो तो बिले देणारा, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळणारा. जोडीदार वर झगडत असताना तो जागचा हलू शकत नाही. त्याच्यासाठी जाड जॅकेट सॅकच्या तोंडाशीच ठेवतात आणि थेट शेलवरून चढवतात, कारण वाऱ्यात कपडे उतरवून थर बदलत बसणं परवडत नाही. या जॅकेटचं हूड हेल्मेटवरून ओढता येतं आणि चेन खालूनही उघडते, म्हणजे हार्नेसशी जोडलेला दोर मोकळा राहतो. आत पिसं असतील तर ऊब उत्तम, पण भिजली की त्यांचा चोथा होतो. ओल्या हवेत कृत्रिम तंतूंचंच भरण बरं.

पिसांच्या कोटाला एके काळी लोक हसले होते. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज फिंच यांनी बलूनच्या कापडात ईडर बदकाची मऊ पिसं भरून कोट शिवून घेतला होता. बाकीचे लोकर आणि ट्वीडवाले. वर वारा सुटला तेव्हा फिंच यांचा हेवा वाटू लागला. त्याच मोहिमेत ते जेफ्री ब्रूस यांच्यासह ८,३०० मीटरच्या वर पोचले. तोवर इतक्या उंचीवर कुणी चढलं नव्हतं.

जाड जॅकेट एक पुरे, हातमोज्यांच्या मात्र दोन-तीन जोड्या लागतातच. ओली जोडी जॅकेटच्या आत, छातीशी धरून वाळवायची.