रोबो आणि वाहन यांच्या मधलं तिसरं रूप

रोबोचं विमान होतं, हे ठाऊक असतं. खरी गंमत मधल्या युद्धरूपात आहे! १९८२च्या जपानी ‘मॅक्रॉस’ मालिकेतलं शोजी कावामोरी यांनी रचलेलं व्हाल्किरी विमान घ्या. विमानाचं नाक, पंख तसेच; खालून मात्र पाय आणि हात बाहेर. या ‘गरवॉक’ रूपात ते जमिनीलगत तरंगत लढतं. खेळण्यातही ते जमतं, कारण पायांच्या बिजागऱ्या स्वतंत्रपणे वळतात. हीच रचना सर्वांत देखणी.

त्या खेळण्याचाच साचा १९८५मध्ये खेळणी कंपनी हॅस्ब्रोने जेटफायर नावाचा रोबो म्हणून विकला.

हॅस्ब्रोचाच त्याच वर्षीचा ब्लिट्झविंग हा रोबो, जेट आणि रणगाडाही होई. १९८६चा त्यांचा मेट्रोप्लेक्स रोबो तर शहरातून थेट फिरता युद्धतळ बने. तोफांनी सजलेला हा तळ पाहून रोबोरूप विसरायला होतं.