कठोर गाण्यातील झील

कल्याण-डोंबिवलीकडील सुशिक्षित घरांत तरुण मुलाच्या खोलीतून जो कल्लोळ ऐकू येतो, त्यास वडीलधारी मंडळी बहुधा गोंगाट ठरवून मोकळी होतात. या कल्लोळाचा एक प्रकार ‘मेलॉडिक हार्डकोअर’ या नावाने ओळखला जातो. नावातच विरोध आहे. हार्डकोअर म्हणजे कठोर, मेलॉडिक म्हणजे सुरेल. हे दोन गुण एकत्र कसे नांदतात, हे समजून घेण्याजोगे आहे.

पंक संगीत 1970 नंतरच्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क व लंडन येथे पुढे आले. इंग्लंडात तो बेकारीचा काळ होता. गुरू नको, महागडी वाद्ये नकोत, गिटारीवरील तीनचार स्वरमेळ आले म्हणजे पुरे, असा त्या तरुणांचा बाणा. 1980 च्या सुमारास अमेरिकेत या गाण्याची लय आणखी वाढली, गीते आखूड झाली आणि गायनाची जागा पुष्कळ अंशी आरोळीने घेतली. हेच हार्डकोअर होय.

परंतु नुसत्या आरोळीने ऐकणारा दचकतो; तो तीत आपला आवाज मिसळीत नाही. लॉस एंजेलिस येथे 1980 साली निघालेल्या ‘बॅड रिलिजन’ या वाद्यवृंदाने यावर तोड काढली. त्यांच्या 1988 च्या ‘सफर’, म्हणजे ‘सोसणे’, या ध्वनिमुद्रिकेतील 15 गीते अर्ध्या तासाच्या आत आटोपतात. ड्रमची घोडदौड कायमच असते; मात्र गायक ग्रेग ग्रॅफिन चाल सोडीत नाही, आणि साथीदार मागून निरनिराळ्या स्वरांत लांब आकार धरतात. हाच ग्रॅफिन पुढे प्राणिशास्त्राचा डॉक्टर झाला. तेव्हा हे अडाण्यांचे गाणे, हा समजही टिकत नाही.

मराठी कानास ही रीत परकी वाटू नये. पोवाड्यात शाहीर चढ्या आवाजात प्रसंग सांगत जातो आणि झीलकरी मागून सूर उचलतात. एकट्याचा संताप झीलेमुळे समुदायाचा होतो. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी 1944 साली काढलेल्या लाल बावटा कलापथकाची कामगारवस्तीतील शक्ती हीच होती.

आपल्याकडे मुंबईच्या ‘स्क्राइब’ या वाद्यवृंदाने हार्डकोअर रुजविले. त्यांचा ओढा सुरेलपणापेक्षा आरोळीकडे अधिक. तथापि 2010 च्या ‘मार्क ऑफ तेजा’ व 2014 च्या ‘हेल मोगॅम्बो’ या ध्वनिमुद्रिकांची नावे त्यांनी हिंदी चित्रपटांतील खलपुरुषांवरून घेतली. परक्या गाण्यास विनोदाच्या द्वारे घरचे करण्याचाच हा प्रकार.

या मातीत अशा गाण्यास विषयांची वाण नाही. मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना 2009 साली बंद पडला, आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. अशा घरांतील मुलाने गिटार उचलून ओरडावे, यात नवल ते काय? त्याच्या आरोळीस झील मिळाली, तर शेजारचे घरही ती उचलील. म्हणून बंद दाराआडचे गाणे ऐकताना प्रथम ड्रमकडे नव्हे, तर मागच्या आवाजांकडे कान द्यावा. सूर तेथेच सापडतो.