पाणी लहान होत नाही

गणपतीत आपण देखावे बघायला जातो. कुठे किल्ला असतो, कुठे गाव, कुठे बोगद्यातून बाहेर येणारी आगगाडी. किल्ला खरा वाटतो, गाडी खरी वाटते, आणि मग नजर खालच्या तळ्याकडे जाते. तिथे आरशाचा तुकडा, नाहीतर निळा जिलेटीन कागद. सगळी मजा तिथेच संपते. तुम्ही म्हणाल, मग खरंच पाणी घालावं की! काही मंडळं तसं करतात, पंप लावून खरं पाणी खेळवतात. पण तिथे तर खोटेपणा आणखी लवकर उघडा पडतो. वीतभर उंचीच्या कड्यावरून धबधबा पडतो आणि त्याचा एकेक थेंब पायथ्याच्या माणसाच्या डोक्याएवढा दिसतो.

याचं कारण साधं आहे. किल्ला लहान करता येतो, माणूस लहान करता येतो. पाणी लहान होत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर एक ताण असतो आणि थेंब केवढा व्हायचा हे तो ताण ठरवतो. समोरची होडी लाकडाची आहे की लोखंडाची, खरी आहे की खेळण्यातली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. साधारण पावणेदोन सेंटिमीटरपेक्षा आखूड लाटांवर गुरुत्वाकर्षणापेक्षा या ताणाचाच अंमल अधिक चालतो. म्हणून परातीतल्या पाण्यात उठणारी लहर ही समुद्राच्या लाटेची धाकटी बहीण नव्हेच. तिची जात वेगळी.

दुसरी गंमत वेळेची. जुन्या चित्रपटांत जहाज बुडताना दाखवायचं तर हौदात प्रतिकृती सोडत. ती प्रतिकृती कितीही सुबक असली तरी लाटा लगबगीने उठतात आणि आपल्याला चटकन कळतं, हा हौद आहे. विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८७२ च्या सुमारास टॉर्की या गावी एक लांबलचक हौद बांधला आणि त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून यामागचा हिशेब बसवला. प्रतिकृती पंचवीस पट लहान असेल तर लाटांचा वेग पाचपट कमी होतो, पंचवीसपट नव्हे. म्हणजे वर्गमूळ. मी बी. ए. झालेला माणूस, गणिताशी संबंध दहावीनंतर सुटला. पण हे वर्गमूळ मला आवडलं. पुढे चित्रपटवाले हेच करू लागले. पंचवीस पट लहान जहाज असलं की कॅमेरा पाचपट वेगाने फिरवायचा, म्हणजे पडद्यावर समुद्र जड आणि संथ वाटतो.

कवितेखेरीज मला दुसरा नाद आहे तो जहाजांच्या प्रतिकृती करण्याचा. जहाजं केली, गलबतं केली. पाणबुडी मात्र केली ती खालूंसाठी. खालू म्हणजे मावशीचे यजमान. पंच्याहत्तरी ओलांडलेले. तरुणपणी नौदलात होते, पाणबुडीच्या इंजिनघरात.

भारताने सोव्हिएत रशियाकडून १९६७ ते १९७४ या काळात आठ पाणबुड्या घेतल्या. त्यांचा वर्ग फॉक्सट्रॉट. पहिली ‘कलवरी’, ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा बंदरात नौदलात दाखल झाली. पाठोपाठच्या दोघींची नावं ‘खांदेरी’ आणि ‘करंज’, म्हणजे आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचीच. आठांपैकी शेवटची २०१० साली निवृत्त झाली. तीच नावं आता माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या पाणबुड्यांना दिली आहेत. जुन्या आठांपैकी ‘कुरसुरा’ २००१ साली निवृत्त झाली आणि २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. आत जाऊन सगळं बघता येतं.

खालू ती बघून आले होते. मी विचारलं, ‘‘कशी वाटली?’’ म्हणाले, ‘‘सगळं जागच्या जागी आहे. पण कोरडी आहे रे.’’

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आपली पाणबुडी समुद्रात चालताना कशी दिसते, हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. धक्क्याला बांधलेली पाहिली. चालू लागली की ते खाली, तीन डिझेल इंजिनांच्या मध्ये. इतकी वर्षं समुद्रात काढली आणि समुद्र पाहिला तो सुटीवर घरी आल्यावर, खाडीच्या तोंडाशी. ‘‘ती चालताना कशी दिसत असेल, तेवढं करून दाखव,’’ म्हणाले. आणि लगेच पुढे, ‘‘मला वरती उभं करू नकोस हां. मी तिथं नव्हतो.’’

आता हिशेब. फॉक्सट्रॉट पाणबुडीची लांबी ९१.३ मीटर. मी १:३५० हे प्रमाण घेतलं, म्हणजे प्रतिकृती २६ सेंटिमीटरची. या प्रमाणात पाच फूट आठ इंचांचा माणूस पाच मिलिमीटरचा होतो, तांदळाच्या दाण्याएवढा. पाण्याच्या वर असताना तिचं वजन साधारण १,९५० टन, बुडाल्यावर पोटातल्या टाक्यांत पाणी भरून सुमारे २,४७५ टन. यावरून ढोबळमानाने असं म्हणता येतं की ‘वर आलेली’ पाणबुडीसुद्धा चार हिस्से पाण्यातच असते आणि पाचवा हिस्सा काय तो आपल्याला दिसतो. साध्या जहाजाच्या देखाव्यात जहाज नायक आणि समुद्र नेपथ्य. पाणबुडीच्या बाबतीत ते उलटं होतं. म्हणून पाणी चुकलं की सगळंच चुकलं.

पहिला प्रश्न लाटांच्या उंचीचा. हौशी मंडळी बहुधा इथेच घसरतात. हात लावला की बोटभर उंचीच्या लाटा होतात. १:३५० प्रमाणात दोन सेंटिमीटरची लाट म्हणजे खऱ्या समुद्रातली सात मीटरची, वादळातली. मला हवा होता पावसाळा सरल्यानंतरचा दिवस. ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वारा, मीटरभर उंचीच्या लाटा. मीटरभर म्हणजे माझ्या पाटावर तीन मिलिमीटर! एवढ्या खरबरीतपणाला समुद्र म्हणायचं धैर्य व्हावं लागतं.

दुसरा प्रश्न पाणबुडी स्वतः जी लाट उठवते तिचा. इथे वेगावर लांबी ठरते. दहा नॉटचा वेग धरला, तर जहाजाबरोबर चालणाऱ्या लाटेच्या दोन शिखरांत सुमारे १७ मीटर अंतर पडतं. माझ्या पाटावर ते पाच सेंटिमीटरला थोडं कमी. म्हणजे २६ सेंटिमीटरच्या अंगालगत पाच चढउतार हवेत, सात नकोत, तीनही नकोत. तीन केले तर पाणबुडी अधिक वेगात आहे असं दिसेल, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकेल. मागे पसरणाऱ्या लाटांचा कोनही ठरलेला आहे. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ साली तो काढला. खोल पाण्यात दोन्ही बाजूंना साडेएकोणीस अंश, मग बदक पोहत असो की जहाज जात असो. मी पाटावर कंपासपेटीतल्या कोनमापकाने पेन्सिलीच्या रेघा मारून घेतल्या. समुद्रावर कोनमापक चालवताना हसू येत होतं.

आता साहित्य. बाजारात पारदर्शक इपॉक्सी रेझिन मिळतं. दोन द्रव वजन करून मिसळायचे, ओतायचे, काचेसारखं घट्ट होतं. नदीकाठच्या किंवा स्वच्छ उथळ पाण्याच्या देखाव्याला ते छान. एका वेळी जाड थर ओतला तर आतल्या उष्णतेने तडकतं, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरचे थर द्यायचे, हातमोजे घालायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या. फायबरग्लासच्या कामाचं स्वस्त पॉलिएस्टर रेझिन मात्र थर्माकोलवर कधीच ओतू नये. थर्माकोल विरघळून खड्डा पडतो.

मी रेझिन घेतलं नाही, त्याचं कारण वेगळं. रेझिनही द्रवच. त्यालाही पृष्ठभागाचा ताण आहे. ओतलं की ते पाणबुडीच्या अंगावर कडेने दोन मिलिमीटर चढतं, पेल्याच्या कडेला पाणी चढतं तसं. दोन मिलिमीटर म्हणजे ७० सेंटिमीटर! समुद्र जहाजाला असा चिकटून वर चढत नाही. शिवाय पारदर्शक पाणी दाखवायचं कशासाठी? आपल्या किनाऱ्यालगत खाड्यांचा गाळ येतो, हातभर खालचंही दिसत नाही. आणि पाणबुडीचा तर सगळा जीव त्या न दिसण्यावर.

न दिसण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. दीवला टेकाडावर काचेच्या घरात ‘खुकरी’ची प्रतिकृती ठेवली आहे. तिच्याखाली खोटं पाणी नाही. समोर खरा समुद्र आहे, त्यातच ती गेली. तिथे कोणाही हौशी माणसाने हात जोडावेत आणि परत यावं.

तर माझा समुद्र अपारदर्शक. घरी आलेल्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल प्लायवूडवर चिकटवला, पाणबुडीच्या आकाराची खाच कापली, वरून वॉल पुट्टी फिरवली. तिच्यावर टिश्यू पेपरचा एकेक पदर सुटा करून निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवला. ओला कागद ब्रशने नुसता रेटला की आपोआप बारीक चुण्या पडतात. त्या चुण्या म्हणजे वाऱ्याने उठलेल्या लहरी. इतकी चांगली लहर हाताने कोरता येत नाही. एक मिलिमीटरची चुणी म्हणजे ३५ सेंटिमीटरची लहर, अगदी हिशेबात. सगळ्या चुण्या वाऱ्याच्या दिशेला आडव्या हव्यात, एवढं सांभाळायचं.

रंगाबद्दल खालूंनी आधीच बजावलं होतं, ‘‘निळा आणू नकोस.’’ खरंच आहे. पाणी लाल रंग आधी शोषून घेतं म्हणून खोल समुद्र निळा दिसतो; शेवाळसदृश सूक्ष्म जिवांनी हिरवा होतो, गाळाने मातकट. मुंबईबाहेरचा समुद्र म्हणजे मेंदीच्या पाल्यात राख कालवल्यासारखा. त्यात आकाशाचा हिस्सा वेगळा. सरळ खाली पाहिलं तर पाणी शेकडा दोनच हिस्से उजेड परत फेकतं, तिरकं पाहिलं तर बराच. म्हणून लाटेचा आपल्याकडे वळलेला उतार गडद आणि पाठ उजळ. मी तीन रंग केले, गडद, मधला, फिका, आणि वर पाण्यात मिसळणाऱ्या चकचकीत अॅक्रिलिक वॉर्निशचे पाच हात दिले. लॅकर फवारलं तर आपल्या दमट हवेत ते दुधाळ होतं.

फेस सर्वांत शेवटी, आणि सर्वांत कमी. पांढऱ्याच्या ट्यूबमध्ये कणभर राखाडी घालायची, ब्रश जवळजवळ कोरडा करायचा. नाकापाशी फुटलेली लाट, मागे तीन पंख्यांनी घुसळलेला सपाट फिकट पट्टा, आणि पाणबुडीच्या बाहेरच्या कवचाला पाणी आतबाहेर व्हायला ठेवलेल्या भोकांच्या रांगेतून खाली येणारे ओघळ. ते ओघळ काढायला मला दोन रविवार लागले.

मनोऱ्यावर तांदळाएवढे दोन जण उभे केले, एक अधिकारी आणि एक टेहळ्या. देखावा खालूंकडे नेला. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिला, बोटाने लांबून लाटा मोजल्या. मग म्हणाले, ‘‘आणि धूर?’’ वर चालताना डिझेल इंजिनं सुरू असतात, धूर मागच्या अंगाने निघतो. ‘‘तो आमचा,’’ म्हणाले.

धुरासाठी कापूस पार विरळ पिंजला, पेन्सिलीच्या शिशाच्या पुडीने जरा काळवंडला. वाऱ्याशी आणि वेगाशी जुळेल असा मागे, तिरका बसवला. देखावा आता त्यांच्या पलंगाशेजारी आहे, काचेच्या पेटीत. पेटी हवाबंद नाही, त्यामुळे पावसाळ्यात कापूस ओल धरतो आणि पाण्यावर टेकतो. मग खालूंचा फोन येतो, धूर खाली बसलाय, इंजिनं बघून जा.