रुग्णाची नोंद, रुग्णाचा हक्क

देशातील 'आधार' क्रमांकांच्या वाटपास दिनांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली या गावातून प्रारंभ झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२१ रोजी, आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर लागू झाले आणि नागरिकांपुढे आणखी एक क्रमांक आला. 'आभा' या नावाने ओळखला जाणारा हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक आज रुग्णालयांच्या केसपेपर खिडकीवर विचारला जातो. तो कशासाठी आहे, त्याने आपल्या जिल्ह्यातील रुग्णाचे काय भले होईल आणि आपण कशाविषयी सावध असावे, याची मांडणी आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम कागदी नोंदींची स्थिती पाहू. अक्राणी तालुक्याच्या डोंगराळ भागातील रुग्ण आधी उपकेंद्रात जातो, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्रात, पुढे धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात आणि प्रकृती गंभीर असल्यास नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो. जुना कागद पावसात भिजतो, घरी राहतो किंवा हरवतो. मग 'पूर्वी कोणते औषध चालू होते?' या प्रश्नाला नातेवाईक 'पांढरी गोळी' एवढेच उत्तर देऊ शकतात. भिली किंवा पावरी बोलणाऱ्या रुग्णाचे दुखणे मराठीतून सांगताना आणखी काही गळून जाते. परिणामी त्याच तपासण्या पुन्हा होतात, वेळ जातो आणि मजुरी बुडते.

संगणकीय आरोग्यनोंद म्हणजे रुग्णाचे निदान, तपासण्यांचे अहवाल, दिलेली औषधे, लसीकरण आणि शस्त्रक्रिया यांची क्रमवार साठवलेली माहिती. या अभियानाच्या रचनेत सर्व नोंदी एकाच ठिकाणी गोळा केल्या जात नाहीत. ज्या रुग्णालयात नोंद झाली तेथेच ती राहते. 'आभा' क्रमांक त्या विखुरलेल्या नोंदींना जोडणारा दुवा असतो. दुसऱ्या डॉक्टरांना त्या पाहावयाच्या असतील तर रुग्णाची संमती लागते. कोणती माहिती आणि किती काळासाठी दाखवावयाची, हे रुग्ण ठरवू शकतो आणि दिलेली संमती परतही घेऊ शकतो.

या व्यवस्थेचे मोल सिकलसेलच्या उदाहरणावरून ध्यानी येते. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या जिल्ह्यातील आदिवासी समाजांत आढळतो, तसाच विदर्भातील बौद्ध समाजातही आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला अचानक असह्य वेदना सुरू झाल्या आणि समोरच्या डॉक्टरांना त्याचा आजार ठाऊक नसेल, तर ती साधी अंगदुखी समजली जाण्याचा धोका असतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीचा निकाल रुग्णाबरोबर पुढच्या रुग्णालयात पोहोचला, तरच तिचा पूर्ण उपयोग होईल. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. बालकाचे अर्धे लसीकरण इकडे आणि अर्धे तिकडे झाले, तर त्याचा ताळमेळ कोणत्या वहीत लागणार?

तथापि यंत्राला जी माहिती दिली जाते, तेवढीच ते जपून ठेवते. आपल्याकडे वळवी, वसावे, पाडवी, गावित, पावरा ही आडनावे गावोगाव आहेत. एकाच नावाच्या दोन व्यक्ती एकाच गावात सापडतात, जन्मतारीख अनेकदा अंदाजाने लिहिलेली असते आणि तेच आडनाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी नोंदले जाते. एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर गेला तर चूक जिवावर बेतेल. वीज आणि नेटवर्क खंडित होणाऱ्या भागात परिचारिकेला आधी वहीत व मागाहून संगणकात, असे दोनदा लिहावे लागले, तर रुग्णासाठीचा वेळ कमी होतो. मोठ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील कामकाज कित्येक दिवस हाताने लिहून चालवावे लागले. म्हणून पर्यायी कागदी व्यवस्था आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांना सुट्टी देता येणार नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न प्रतिष्ठेचा आहे. एखादी मुलगी सिकलसेलची वाहक आहे, ही बाब गावभर झाली तर तिच्या विवाहात अडथळे येतात. वस्तुतः वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. क्षयरोग वा मानसिक आजाराची माहिती फुटल्यास माणसाचा रोजगार जाऊ शकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुधारलेल्या आरोग्यनोंदींच्या मानकांतही रुग्णाच्या माहितीची मालकी रुग्णाची मानली असून रुग्णालय तिचा केवळ विश्वस्त आहे. परंतु ज्याला मजकूर वाचता येत नाही, त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी दुसऱ्याने टाकला, तर त्याला संमती म्हणता येईल काय? मालकाला आपल्या मालकीची जाणीवच नसेल, तर विश्वस्तावर अंकुश कोणाचा?

येथे आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे कर्तव्य सुरू होते. 'आभा' ऐच्छिक आहे, तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे प्रत्येक वस्तीत सांगावे. नोंदणी करताना नाव, वय आणि मोबाइल क्रमांक स्वतः तपासून घ्यावेत. क्रमांक दलालाचा वा शेजाऱ्याचा देऊ नये. संमतीचा मजकूर रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून सांगावा. डिस्चार्ज कार्ड आणि तपासणी अहवाल एका पिशवीत जपून ठेवण्याची सवय सोडू नये. पालकांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत पाल्याविषयी काय लिहिले गेले, हे शाळेत येऊन अवश्य विचारावे.

शतकानुशतके ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहिले, त्यांच्या हाती स्वतःची नोंद येणे ही लहान गोष्ट नाही. ती वाचण्याची, दुरुस्त करून घेण्याची आणि गरज पडल्यास दाखविण्यास नकार देण्याची क्षमता शिक्षणातूनच येते. ती क्षमता घरोघरी पोहोचविण्याचे काम आपण सर्वांनी मिळून करू या.