श्ट्रोबेक : बुद्धिबळ जपणारे खेडे

युरोपच्या सहलीचा बेत आखताना बर्लिन, म्युनिक, ऱ्हाइन नदी ही नावे आपसूक येतात. हार्त्स पर्वताच्या उत्तरेस, हाल्बरश्टाट शहराजवळ वसलेले श्ट्रोबेक हे हजारेक वस्तीचे खेडे त्या यादीत सहसा नसते. बुद्धिबळाचे वेड असणाऱ्याने मात्र त्यासाठी एक दिवस राखून ठेवावा.

बुद्धिबळाची संग्रहालये बहुधा जगज्जेत्यांभोवती उभी राहतात. आइसलंडमधील सेल्फोस येथे बॉबी फिशरच्या आठवणी आहेत, तर ॲमस्टरडॅममध्ये माक्स युवे यांच्या. श्ट्रोबेकच्या संग्रहालयाला असा नायक नाही. तिथे मांडला आहे तो शेतकऱ्यांच्या एका गावाने पिढ्यानपिढ्या चालवलेला खेळ. 2025च्या अखेरीस गोव्याने बुद्धिबळाचा विश्वचषक अनुभवला. स्पर्धा येते आणि जाते. खेळ एखाद्या गावात मुरतो तो कशामुळे, असे तेव्हा ज्यांच्या मनात आले असेल त्यांनी हे गाव जरूर पाहावे.

गावाची दंतकथा अशी : 1011 साली हाल्बरश्टाटच्या बिशपने एका सरदाराला येथील बुरुजात कैदेत ठेवले. पहाऱ्याला गावचे शेतकरी असत. वेळ जाईना म्हणून कैद्याने त्यांनाच हा खेळ शिकवला. बुरूज आजही उभा आहे आणि पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवला जातो. कथेला समकालीन पुरावा मात्र नाही. अधिक भक्कम आधार 1616 सालचा आहे. ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचा ड्यूक ऑगस्ट याने गुस्टाव्हुस सेलेनुस या टोपणनावाने बुद्धिबळावर जाडजूड ग्रंथ छापला. त्यात या गावाचा आणि तेथील खेळाचा उल्लेख आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच ही ख्याती राजघराण्यापर्यंत पोहोचली होती.

संग्रहालयातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक पट. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रीडरिश विल्हेल्म याने तो 1651 साली गावाला भेट दिला. त्याच्या एका बाजूस नेहमीची चौसष्ट घरे आहेत. दुसऱ्या बाजूस बारा गुणिले आठ अशी शहाण्णव घरे दिसतात आणि अनभिज्ञ पाहुणा गोंधळतो. तो ‘कुरियर’ खेळाचा पट. या खेळात प्रत्येक बाजूला चोवीस मोहरे असत. आपला उंट तिरका लांबवर धावतो, तशी चाल त्यातील कुरियर या मोहऱ्याला होती. त्या काळी नेहमीच्या खेळातला उंट तिरक्या दोन घरांचीच उडी मारत असे. उंटाला जर्मन माणूस आजही ‘लॉयफर’, म्हणजे धावणारा म्हणतो. प्यादे त्याच्या भाषेत ‘बाउअर’, अर्थात शेतकरी. या गावात तो शब्द ऐकताना गंमत वाटल्याखेरीज राहत नाही.

श्ट्रोबेकचे स्वतःचे नियमही होते. डाव सुरू होण्यापूर्वीच काही प्यादी दोन घरे पुढे सरकवलेली असत आणि वजीरही तिसऱ्या ओळीत आलेला असे. शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे लगेच वजीर होत नसे. ‘आनंदाच्या’ तीन उड्या मारत त्याला आपल्या मूळ घरी परतावे लागे, मगच बढती. आपल्याकडील देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते, हे ज्यांनी आजोबांच्या पटावर पाहिले आहे त्यांना असे स्थानिक नियम परके वाटणार नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांच्या सोयीपुढे दोन्ही मागे पडले.

लग्नाची एक जुनी रीतही सांगितली जाते. नवरदेवाने गावच्या मुख्याशी डाव खेळावा. हरला तर गावाच्या तिजोरीत दंड भरावा. किती नवरदेव मुद्दाम जिंकू दिले गेले, हे कुणी सांगत नाही!

या साऱ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे ती शाळेची. 1823 पासून येथील शाळेत बुद्धिबळ शिकवले जाऊ लागले. परंपरा टिकली ती बुरुजामुळे किंवा इलेक्टरच्या भेटीमुळे नव्हे. गणित-वाचनाबरोबर हा खेळही प्रत्येक मुलाच्या वाट्याला आला, म्हणून टिकली, असे माझे मत आहे. त्यामुळेच 2004 साली गावातील माध्यमिक शाळा बंद झाली, तो धक्का मोठा होता. मोठी मुले शिकायला बाहेर जाऊ लागली. आता ही जबाबदारी प्राथमिक वर्गांवर आणि बालवाडीवर आहे. जिवंत सोंगट्यांचा खेळही चालू आहे : मोहऱ्यांचे पोशाख घातलेले गावकरी पटावर उभे राहून डाव सादर करतात. 2016 साली जर्मनीने या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंद केली. यादीतील नोंद शाळेची जागा घेऊ शकत नाही, हे गावकऱ्यांना कुणी सांगण्याची गरज नाही.

बर्लिनहून रेल्वेने माग्देबुर्गमार्गे हाल्बरश्टाट गाठता येते. गाव लहान आहे, तेव्हा संग्रहालयाची वेळ आधी विचारून निघावे. चौकातल्या फरशीवरच पट आखलेला आहे, तोही पाहावा. परतताना बर्लिनच्या गेमेल्डेगालेरी या चित्रसंग्रहालयात लुकास फान लायडनचे सुमारे 1508 मधील चित्र शोधावे. त्यात एक स्त्री पटावर चाल करते आहे. घरे मोजली की लक्षात येते : हाच तो बारा गुणिले आठचा पट.